टेक्सासच्या प्रदूषण-नियंत्रण करमाफी सल्लागार समितीवर जावे का?

ह्यूस्टनजवळच्या एका रसायन कारखान्यात पर्यावरण अभियंता म्हणून काम करणाऱ्या एका वाचकांनी तीन प्रश्न विचारले आहेत. प्रदूषण नियंत्रणासाठी बसवलेल्या यंत्रसामग्रीला मालमत्ता करातून सूट देण्याच्या योजनेसाठी टेक्सास राज्याच्या पर्यावरण आयोगाने जी कायम सल्लागार समिती नेमलेली आहे, तिच्या सदस्यत्वासाठी अर्ज करावा का. तिथे प्रत्यक्ष काम काय असते. आणि कारखान्यात नोकरी चालू असताना ‘तांत्रिक तज्ज्ञ’ म्हणून जाता येईल का. या योजनेखालचे अर्ज मी बरीच वर्षे तयार केले आहेत, सुरुवातीला कारखान्यांच्या बाजूने आणि पुढे कर आकारणाऱ्या संस्थांच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडची गणिते मला जवळून ठाऊक आहेत. माझे मत आधीच सांगतो: अर्ज जरूर करावा, पण कोणत्या गटातून करायचा हे ठरवण्याआधी या करमाफीचा पैसा कोणाच्या खिशातून जातो ते नीट समजून घ्यावे. बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

२ नोव्हेंबर १९९३ रोजी टेक्सासच्या मतदारांनी राज्यघटनेतील एका दुरुस्तीला मान्यता दिली. पर्यावरणाचे नियम दिवसेंदिवस कडक होत आहेत, ते पाळण्यासाठी कारखान्याला उत्पन्न न देणारी यंत्रे बसवावी लागतात, आणि अशा यंत्रांवर पुन्हा मालमत्ता कर लावणे योग्य नाही, असा त्यामागचा विचार होता. त्यानुसार टेक्सासच्या कर संहितेत कलम ११.३१ आले. १ जानेवारी १९९४ नंतर घेतलेली, बांधलेली किंवा बसवलेली जी मालमत्ता पूर्णतः किंवा अंशतः हवा, पाणी वा जमिनीचे प्रदूषण रोखण्यासाठी, मोजण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी वापरली जाते, आणि जिच्यामागे केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेचा एखादा पर्यावरणविषयक नियम आहे, तिला त्या प्रमाणात करमाफी मिळते. निवासी वापराची मालमत्ता यातून वगळलेली आहे. प्रदूषण कमी करणारी वस्तू तयार करून विकणाऱ्या कारखान्यालाही केवळ त्या कारणावरून सूट मिळत नाही. फिल्टर वापरणाऱ्याला ती मिळू शकते, फिल्टर बनवणाऱ्याला नाही.

निर्णय दोन ठिकाणी होतो आणि नव्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. कारखाना आधी टेक्सास कमिशन ऑन एन्व्हायर्नमेंटल क्वालिटीकडे, म्हणजे टीसीईक्यूकडे अर्ज करतो. अमुक मालमत्ता प्रदूषण नियंत्रणासाठी वापरली जाते की नाही आणि जात असेल तर किती टक्के, एवढाच निर्णय आयोगाचा कार्यकारी संचालक देतो. हा निर्णय हाती आल्यावर कारखाना आपल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या संस्थेकडे, करमाफीचा अर्ज करतो आणि माफी देण्याचे काम तिथला प्रमुख, म्हणजे चीफ अप्रेझर, करतो. मात्र आयोगाचा अंतिम निर्णय निर्णायक पुरावा मानण्याचे बंधन त्याच्यावर कायद्यानेच घातलेले आहे. ‘हे यंत्र मला तसे वाटत नाही’ असे म्हणून तो टक्केवारी बदलू शकत नाही. निर्णय मान्य नसेल तर अर्जदार किंवा चीफ अप्रेझर, दोघांपैकी कोणीही तो हाती आल्यापासून वीस दिवसांत तीन आयुक्तांच्या आयोगाकडे अपील करू शकतो. म्हणजे करमाफीची खरी लढाई राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्येच होते आणि तिचा परिणाम बेटाउन, पॅसाडिना, पोर्ट आर्थर अशा कारखान्यांच्या गावांच्या अंदाजपत्रकांवर दिसतो.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकून किंवा काही वर्षे काम करून इथे आले, त्यांच्या मनात भारतातली पद्धत असते, आणि ती इथे लागू पडत नाही. भारतात प्रदूषण नियंत्रणाच्या ठरावीक उपकरणांवर आयकरात घसाऱ्याची मोठी सवलत मिळत आली. पूर्वी ती १०० टक्के होती, १ एप्रिल २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आली. पाण्याच्या उपकरातही सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालवणाऱ्यांना सूट असे, पण जीएसटी आल्यावर तो उपकरच रद्द झाला. त्या सवलतींचा भार सरकारी तिजोरीवर पडत असे. चाकण किंवा तारापूरच्या कारखान्याने असा घसारा घेतला म्हणून तिथल्या शाळेचा निधी त्या वर्षी कमी होत नाही.

टेक्सासमध्ये राज्याचा स्वतःचा मालमत्ता कर नाही आणि व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा आयकरही नाही. मालमत्ता कर हे काउंटी, शहर, स्कूल डिस्ट्रिक्ट आणि ज्युनिअर कॉलेज डिस्ट्रिक्ट (म्हणजे आपापल्या हद्दीतल्या शाळा व कॉलेजे चालवणाऱ्या संस्था) आणि अशाच इतर स्थानिक संस्थांचे मुख्य उत्पन्न आहे. एखाद्या रिफायनरीतले मोठे युनिट करमुक्त झाले की त्याचे मूल्य या सगळ्या संस्थांच्या करयादीतून एकदम बाहेर पडते. शाळांना राज्याकडून ठरावीक सूत्राने पैसे मिळतात आणि त्यामुळे काही तूट भरून निघते, पण ज्युनिअर कॉलेजला किंवा काउंटीला तसा आधार नसतो. ह्यूस्टन शिप चॅनलच्या काठच्या सॅन जॅसिंटो कॉलेज किंवा ली कॉलेज यांसारख्या संस्थांच्या करक्षेत्रात कारखान्यांची मालमत्ता केवढी मोठी आहे हे पाहिले, की टक्केवारीतल्या एका आकड्यासाठी लोक वर्षानुवर्षे का भांडतात ते कळते. जाता जाता एक गोष्ट स्पष्ट करतो: नव्या गुंतवणुकीसाठी शाळांच्या करात सवलत देणारे ‘चॅप्टर ३१३’ हे प्रकरण वेगळे होते, ते २०२२ अखेर संपले. कलम ११.३१ चालू आहे.

ही कायम समिती २००९ च्या अधिवेशनात कायद्यात आली आणि त्यामागे एक वाद होता. २००७ मध्ये विधिमंडळाने हाऊस बिल ३७३२ द्वारे कलमात काही उपकरणांची यादीच घातली आणि तिच्यातल्या उपकरणांच्या अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यावा असे सांगितले. यादीतली बरीच उपकरणे वीज प्रकल्पांतली होती आणि त्यातली काही प्रदूषणही कमी करतात आणि उत्पादनही करतात. अशा उपकरणांची टक्केवारी कशी काढायची यावर कारखाने आणि काउंट्या समोरासमोर आल्या. त्यानंतर २००९ मध्ये विधिमंडळाने दोन गोष्टी केल्या: सर्व अर्जांना एकच निकष समानतेने लावण्याचे बंधन घातले आणि आयोगाला कायम सल्लागार समिती नेमायला सांगितले. या समितीत उद्योग, अप्रेझल डिस्ट्रिक्ट, कर आकारणाऱ्या संस्था आणि पर्यावरण संघटना यांचे प्रतिनिधी असावेत. शिवाय यांपैकी कोणाचेही प्रतिनिधी नसलेले, पण प्रदूषण नियंत्रण तंत्रज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी यांचे भक्कम ज्ञान असलेले सदस्य असावेत. आणि निदान एक सदस्य अशा स्कूल किंवा ज्युनिअर कॉलेज डिस्ट्रिक्टचा असावा, ज्याच्या हद्दीतल्या मालमत्तेला ही करमाफी मिळालेली आहे किंवा पूर्वी मिळाली होती. राज्याच्या इतर सल्लागार समित्यांना आकार, रचना आणि मुदत यांच्या ज्या मर्यादा लागू होतात, त्यांतून ही समिती मुद्दाम वगळलेली आहे. विधिमंडळाला ती टिकायला हवी होती, हे त्यावरून दिसते.

आता काम. समिती कोणत्याही एका कारखान्याच्या अर्जावर निर्णय देत नाही. कायद्याचे शब्द एवढेच आहेत की तिने या कलमाच्या अंमलबजावणीबाबत आयोगाला सल्ला द्यावा. नियमावलीचे मसुदे, उपकरणांच्या याद्या, टक्केवारी काढण्याचे सूत्र, अर्जाचा नमुना आणि मार्गदर्शक सूचना हे तिचे विषय. ऐकायला हे कोरडे वाटते, पण अर्जाच्या नमुन्यातला एक रकाना बदलला की त्यानंतरचा प्रत्येक अर्ज बदलतो, आणि म्हणून एका अपिलात जिंकण्यापेक्षा हे काम मला नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे.

अर्जाचे तीन प्रकार आहेत, त्यांना पायऱ्या (टिअर) म्हणतात. पहिल्या पायरीत, टिअर वनमध्ये, आयोगाच्या तक्त्यात आधीच असलेली उपकरणे येतात: धूळ पकडणाऱ्या बॅगा, दूषित वायू धुऊन काढणारे स्क्रबर, धुराड्यावरचे सतत मोजणारे मॉनिटर. त्यांच्यावर वाद फारसा नसतो आणि शुल्क १५० डॉलर. दुसऱ्या पायरीत तक्त्यात नसलेली, पण पूर्णपणे प्रदूषण नियंत्रणासाठीच असलेली मालमत्ता. शुल्क १,००० डॉलर. तिसरी पायरी अंशतः उपयोगी मालमत्तेची, शुल्क २,५०० डॉलर, आणि सगळा कस इथे लागतो. पूर्वी २००७ च्या कायद्यातल्या यादीतील उपकरणांसाठी चौथी पायरी होती आणि तिच्यात अर्जदार टक्केवारी काढण्याची स्वतःची पद्धत सुचवू शकत असे. २००९ च्या कायद्यानंतर ती नियमांतून गेली.

तिसऱ्या पायरीचे सूत्र आपण अर्ज पाठवण्याआधी स्वतः हाताने सोडवून पाहावे. नव्या यंत्रणेच्या भांडवली खर्चाला क्षमतेच्या गुणोत्तराने गुणायचे, म्हणजे जुन्या यंत्रणेची क्षमता भागिले नव्या यंत्रणेची क्षमता. त्यातून प्रदूषण नियंत्रण नसलेल्या तुल्य यंत्रणेचा खर्च वजा करायचा. मग या यंत्रणेतून विकण्याजोगे जे काही मिळते, त्याचे आजच्या किमतीतले निव्वळ मूल्य वजा करायचे. उरलेल्या रकमेला नव्या यंत्रणेच्या खर्चाने भागले की टक्केवारी मिळते. समजा नवे युनिट ५० लाख डॉलरचे आहे, तुल्य जुन्या प्रकारचे ३० लाखांचे, क्षमता १०० वरून १२५ झाली म्हणून गुणोत्तर ०.८, आणि उपउत्पादनाचे मूल्य ४ लाख. ४० लाखांतून ३४ लाख गेले, ६ लाख उरले, टक्केवारी १२. क्षमता वाढवली नसती तर तीच ३२ आली असती. आणि गुणोत्तर ०.८ च ठेवून उपउत्पादनाचे मूल्य ४ लाखांऐवजी १२ लाख धरले तर उत्तर शून्याच्या खाली जाते. यंत्र तेच, जागा तीच, नियमही तोच. पण कोणता आकडा कुठून घेतला यावर शाळेला कर मिळणार की नाही ते ठरते. म्हणूनच ‘तुल्य यंत्रणा’ म्हणजे नेमकी कोणती आणि विक्रीयोग्य मालाची किंमत कशी धरायची, याची व्याख्या हा समितीपुढचा सर्वांत मोलाचा विषय आहे.

प्रत्यक्ष अर्ज तपासताना मी शुल्काच्या पावतीआधी पाइपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे कारखान्यातल्या नळ्या आणि उपकरणांची जोडणी दाखवणारे, ड्रॉइंग उघडतो आणि स्क्रबरच्या तळातून निघणाऱ्या नळीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते पाहत जातो. ती सांडपाणी प्रक्रियेकडे गेली तर एक गोष्ट. पण ती वळून पुन्हा प्रक्रियेत किंवा मालाच्या टाकीत गेली, तर त्या स्क्रबरला उत्पन्नाची बाजू आहे आणि ती अर्जात लिहायला हवी. रिफायनरीतले सल्फर रिकव्हरी युनिट याचे चांगले उदाहरण आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेत जाऊ न देणे हा नियमाचा भाग आहे, त्यात शंका नाही. पण त्यातून निघणारे पिवळे गंधक टँकरमध्ये भरून विकले जाते. तीच गोष्ट पंपांची. कॉस्टिक फिरवणारा पंप स्क्रबरचा असतो, पण त्याच चौथऱ्यावर शेजारी बसवलेला मालाचा पंप ‘इतर साहित्य’ या ओळीत अलगद येऊन बसतो. दरवेळी यात लबाडी असते असे मी म्हणणार नाही. बऱ्याचदा प्रकल्पाच्या खर्चाचे कोड लेखा विभागाने पाडलेले असतात आणि ते अर्जासाठी जसेच्या तसे उचलले जातात.

वीज प्रकल्पांतल्या हीट रिकव्हरी स्टीम जनरेटरचा वाद आपण मुळापासून वाचावा, कारण या योजनेतला सगळा पेच त्यात एकत्र आला आहे. कंबाइंड सायकल प्रकल्पात गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा तप्त वायू पाण्याच्या नळ्यांवरून नेतात, त्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन चालवतात. तेवढ्याच इंधनात जास्त वीज मिळते, म्हणून दर युनिटमागे नायट्रोजन ऑक्साइड कमी. कंपन्यांचे म्हणणे, हे प्रदूषण रोखणे आहे. काउंट्यांचे म्हणणे, ही वीज विकून पैसा मिळतो, म्हणून हे उत्पादन आहे. दोन्ही म्हणणी तांत्रिकदृष्ट्या खरी आहेत. विधिमंडळाने २००७ च्या यादीत हे उपकरण घातले होते. आधी सकारात्मक निर्णय झाले, काउंट्यांनी अपिले केली, आणि पुढे संचालकांनी सूत्रानुसार उत्तर ऋण येते म्हणून नकार दिला. ब्राझोस इलेक्ट्रिक पॉवर को-ऑपरेटिव्ह या वीज सहकारी संस्थेच्या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये हा नकार रद्द केला. विधिमंडळाने उपकरण यादीत घातले याचा अर्थ ते निदान अंशतः प्रदूषण नियंत्रणाचे आहे, म्हणून पूर्ण नकार देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र १०० टक्के द्यावेत असे म्हटले नाही, टक्केवारीचा प्रश्न आयोगाकडे परत गेला. माझ्या मते न्यायालयाचे वाचन कायद्याला धरून होते. चूक यादीत होती: उत्पादन आणि नियंत्रण वेगळे करता येत नाही असे उपकरण यादीत घालायचे, आणि मग ते वेगळे करायला सांगणारे सूत्र त्याला लावायचे.

याच यादीमुळे समितीला काम आहे आणि पुढेही राहील. कायद्याने आयोगाला ही यादी निदान तीन वर्षांतून एकदा नियमाद्वारे अद्ययावत करायला सांगितली आहे, आणि एखादी गोष्ट यादीतून काढायची तर तिचा प्रदूषण नियंत्रणाला उपयोग नाही असा सबळ पुरावा लागतो. घालणे सोपे, काढणे अवघड, अशी ही रचना आहे. म्हणून नवी नोंद सुचवली जाते तेव्हा तिची भाषा शब्दाशब्दाने तपासणारा माणूस समितीत हवा. ‘आणि संबंधित साहित्य’ एवढे तीन शब्द नोंदीच्या शेवटी राहून गेले, तर पुढच्या दहा वर्षांचे अर्ज त्या तीन शब्दांवर उभे राहतात.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कारखान्याच्या पगारावर असताना आपण तांत्रिक तज्ज्ञाच्या जागेसाठी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायदा म्हणतो की या जागेवरचे सदस्य उद्योगाचे, कर संस्थांचे किंवा पर्यावरण संघटनांचे प्रतिनिधी नसावेत. आपण कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी नाही, केवळ नोकर आहोत, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो कदाचित टिकेलही. पण ज्या दिवशी सूत्रातला एखादा घटक बदलायचा प्रश्न येईल आणि त्या बदलाने आपल्याच कंपनीची टक्केवारी वाढणार असेल, त्या दिवशी आपला तांत्रिक मुद्दा कितीही बरोबर असला तरी समोरचा चीफ अप्रेझर तो ऐकून घेणार नाही. ही जागा विद्यापीठात शिकवणाऱ्यांसाठी, निवृत्त अभियंत्यांसाठी, ज्यांचा कोणत्याही बाजूशी पैशाचा संबंध उरलेला नाही अशांसाठी आहे. अशी माणसे मिळणे कठीण असते, म्हणून ही जागा इतरांनी अडवू नये.

उद्योगाच्या जागेसाठी मात्र आपण मोकळेपणाने अर्ज करावा. उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून जाण्यात कमीपणा काहीच नाही; विधिमंडळाने ती बाजू उघडपणे मांडली जावी म्हणूनच तिला जागा दिली. त्या खुर्चीवरून बोलणाऱ्याने ड्रॉइंग, खर्चाचे तपशील आणि यंत्र प्रत्यक्ष कसे चालते याचे ज्ञान आणले, तर कर संस्थांचे लोकही त्याचे ऐकतात, कारण त्यांच्याकडे बहुधा मूल्यांकनाचे तज्ज्ञ असतात, प्रक्रिया अभियंते नसतात. शाळेच्या प्रतिनिधीकडून आपण एक गोष्ट मागून घ्यावी: आपल्याच उदाहरणातल्या यंत्राच्या करमाफीने त्यांच्या अंदाजपत्रकात त्या वर्षी काय बदलले, त्याचा कागद. तो शेजारी ठेवून सूत्र वाचले की १२ टक्के आणि ३२ टक्के यांतला फरक वेगळ्याच नजरेने दिसतो.

पद पगाराचे नाही आणि प्रवास ऑस्टिनचा आहे, तेव्हा कंपनीकडून वेळेची परवानगी लेखी घ्यावी. सदस्य आयोग नेमतो. अर्जासोबतच्या पत्रात पदव्यांची यादी लांबवण्यापेक्षा आपण कोणत्या प्रकारच्या यंत्रणांवर काम केले आहे, तिसऱ्या पायरीचे सूत्र कधी लावले आहे का, आणि आपल्या कंपनीचे या योजनेखाली कोणते अर्ज किंवा अपिले चालू आहेत, हे सरळ लिहावे. शेवटची गोष्ट लिहायला संकोच वाटतो आणि कंपनीचा कायदा विभाग ती वगळायला सांगू शकतो. तरी ती लिहावी, आणि कंपनी लिहू देत नसेल तर अर्ज करण्याचे लांबणीवर टाकावे. समितीच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. तोवर एखाद्या बैठकीला मागच्या रांगेत बसून यावे आणि येण्याआधी कलम ११.३१ व आयोगाच्या नियमावलीचा भाग १७ एकदा पुरता वाचून जावे.